राघूच्या तीस गोळ्या

हॅलो?

हॅलो… कोण बोलतंय? जरा हळू बोल, ऐकू येतंय मला… राघू? हां, बोल राघू. कुठनं बोलतोस?

घाटघर? पोचलात पण? मी म्हटलं अजून दोन दिवस तरी लागतील तुमच्या मेंढरांना… बरं. आन् रेंज कुठं घावली?… टाकीवर? पाण्याच्या टाकीवर चढून बोलतोस व्हय? अरं, खाली उतर… बरं, जिन्यावर. मंग जिन्यावरच थांब. एका हातानं कठडा धर.

हो, हो, तुझे दाजी बरे हायत. हितंच ओट्यावर उन्हाला बसल्यात. मी कांद्याची रोपं निवडत व्हते. हात मातीचे हायत, फोन पदरानं धरलाय. बोल, काय म्हणतोस.

काय पाठवू?

गोळ्या? कसल्या गोळ्या?

बीपीच्या… संपल्या?

थांब. तिथंच थांब, फोन कापू नको. मी कॅलेंडर बघते.

…हां. हे बघ, मी फुली मारून ठेवलीय. ओतूरच्या बाजारादिवशी तू घरी जेवून गेलास, त्या दिवशी तीन पाकिटं तुझ्या हातात दिली. दहा, आन् दहा, आन् दहा. दुसऱ्या दिवसापासनं मोजायचं. आज सोळावा दिवस. आजचा सोडून दे. पंधरा दिवसांच्या पंधरा गोळ्या गेल्या. मंग मागं किती राहायला पायजेत?

पंधरा. बरोबर. दीडशे मेंढरांतलं एक मागं राहिलं तर तुला न मोजता कळतं. मंग पंधरा गोळ्या कुठं गेल्या ते सांग.

भिजल्या? कशानं भिजल्या? दिवाळीपासनं हितं थेंब नाय.

दवानं? राघू, दवानं पाकीट भिजत नाय. खालनं प्लास्टिक असतंय, वरनं चंदेरी कागद असतोय. गोळी बाहेर काढायची तर नखानं टोकरावं लागतंय. दव काय नखं घेऊन येतं व्हय?

मंग?… घोडीनं?

घोडीनं खाल्ल्या. बरं. म्हंजी घोडीनं तुझी चंची सोडली, तंबाखू बाजूला ठेवली, चुन्याची डबी बाजूला ठेवली, आन् तेवढ्या गोळ्या खाल्ल्या. हुशार हाय घोडी. तिला बीपी किती हाय ते बी इचार.

हसू नको. मी हितं हसत नाय.

मागनं कोण बोललं ते? निर्मलाच ना?… काय म्हणाली तुझी बायको? परत म्हणायला सांग… ‘सांगून टाका एकदाचं’? काय सांगून टाका?

बोल की. टाकीवर चढलास तो बोलायलाच ना.

…वाटल्या?

वाटल्या म्हंजी काय?

…

कुणाकुणाला?

तुझ्या संगं मेंढरं राखणाऱ्या भागूला. बरं. गोजरबाईला. बरं. आन् निर्मलाला. आपल्या बायकोला बी. आन् तू. चौघं. अर्धी-अर्धी. रोज रात्री भाकरी खाल्ली की.

पहिल्या दिवशी एकट्यानं अख्खी खाल्लीस, आन् दुसऱ्या दिवसापासनं पंगत बसवलीस. दोन गोळ्या रोज. चौदा दिवसांच्या अठ्ठावीस, आन् ती पहिली एक. एकोणतीस झाल्या राघू. तिसावी कुठं हाय?

हाय? मंग संपल्या कशाला म्हणतोस?

…आज रात्री चौघांत. पाव-पाव करून.

अरं, पेढा हाय का तो?

नाय, तू ऐक. तू आधी माझं ऐक. भागूला काय झालं व्हतं? त्याला का दिली?… चक्कर येती म्हणून. कुणी सांगितलं चक्करवर ही गोळी असती?… तुला यायची म्हणून. आन् गोजरबाईला?… गुडघ्याला. राघू, गुडघ्याला. बीपीची गोळी गुडघ्याला. आन् निर्मलाला काय झालं व्हतं?

काय बी नाय. नवरा खातोय म्हणून खाल्ली. वा.

मी त्या पाकिटांना कापडाची पिशवी शिवली व्हती का नव्हती? पिशवीवर मी माझ्या हातानं लिहिलं व्हतं, ‘फक्त राघू, सकाळी एक’. पेनानं नाय, लाल दोऱ्यानं. साठी उलटल्यावर मास्तरणीपुढं बसून गिरवलेली अक्षरं हायत ती. ‘क्त’ काढताना दोन वेळा सुई टोचली माझ्या बोटात.

वाचता येत नाय, ठावं हाय मला. म्हणून तर खाली चित्र काढलं. एक माणूस, त्याच्या हातात काठी, डोक्यावर सूर्य. एक माणूस, राघू. एक. चार काढले व्हते का? सूर्य काढला व्हता, चांदणी नव्हती काढली. सकाळी खायची म्हणून सूर्य काढला. रात्री पंगतीला नाय.

…काय वाटलं?

बिरोबा?

मी तुझं चित्र काढलं आन् तुला त्यात बिरोबा दिसला. काठी घेतलेला, डोक्यामागं उजेड… बरं बरं. म्हणून परसाद समजून वाटलास. अरं देवाच्या, मी त्याच्या तोंडात तंबाखूची गोळी बी काढली व्हती. गाल फुगवला व्हता एका बाजूनं. बिरोबाचा गाल फुगलेला बघितलास का तू कुठं?

भागू हाय का तिथं? खाली उभाय? दे त्याला फोन. नाय, त्याला वर चढवू नको. तूच खाली उतर चार पायऱ्या आन् हात लांब करून दे. रेंज गेली तर गेली.

…हॅलो. भागूदादा? रामराम. मी राघूची बहीण, तुकाबाई. हो, ओतूरवरनं. तुमी बरे हायसा का?… नाय, खरं सांगा. काल काय झालं?

मेंढरांना पाणी पाजायला वाकला. बरं. आन् उठताना?… तोंडावर. लागलं का कुठं? कपाळाला. आन् त्याच्या आदल्या दिवशी बी तसंच झालं व्हतं? उठताना डोळ्यापुढं काळं आलं. हं.

भागूदादा, तुमचं बीपी कुणी मोजलंय का कधी? दंडाला पट्टा गुंडाळत्यात, फुगवत्यात… नाय. एकदाबी नाय. मंग तुमाला कसं कळलं तुमचं वाढलंय?

तुमच्या रागावरनं. असं. राग आला म्हंजी बीपी असतंय, असं नसतंय दादा. माझा राग बघा आत्ता किती वाढलाय, आन् परवाच मोजलं, नर्सबाई म्हणाली आजी, तुमचं सोन्यासारखं हाय. सोन्यासारखं हाय कारण मी माझी गोळी मोडत नाय.

तुमचं वाढलेलं नसंल बी. आन् वाढलेलं नसताना खाली आणायची गोळी खाल्ली तर माणूस खालीच जाणार. काल तोंडावर पडलात, उद्या घाटात पडाल. आजपासनं ती गोळी तोंडात घालू नका. गोजरबाईला बी सांगा. गुडघ्याला तेल चोळा. गुडघ्यानं बीपीचं काय वाकडं केलंय… हो. हो. फोन राघूला द्या. आन् बसून राहा जरा. उठताना एकदम उठू नका.

…

हां, राघू. ऐकलंस ना? त्या माणसाला तू पाडलंस काल.

तू नाय तर कुणी? घोडीनं?

आता तुझं सांग. गेले चौदा दिवस अर्धीच खातोस. डोकं दुखतंय का?… खरं बोल, निर्मलाला इचारू का?… पाठीमागनं. मानंपाशी. सकाळी उठल्यावर. आन् नाकातनं रक्त? एकदा आलं. कवा? परवा. आन् मला आज सांगतोस, ते बी मी इचारल्यावर.

‘तसं बरं वाटतंय.’ हे वाक्य मला परत ऐकवू नको. बरं वाटतंय यावर बीपी कळत नाय. ओतूरला मोजलं तवा वरचा आकडा एकशे चौऱ्याहत्तर व्हता, खालचा एकशे चार. मी लिहून घेतलाय, हितं कॅलेंडरवर. आन् त्या दिवशी तू काय म्हणत व्हतास? ‘आक्का, मला तर काय बी व्हत नाय.’ बाजारातनं दोन पोती डोक्यावर घेऊन आला व्हतास. काय बी व्हत नव्हतं, तरी एकशे चौऱ्याहत्तर व्हतं.

चालतोस. हो, चालतोस. दिवसाला पाच कोस चालतोस, ठावं हाय मला. ‘बीपी शेठ लोकांना व्हतं, बसून खाणाऱ्यांना.’ हे बी तुझं जुनंच. दाजी काय बसून खात व्हते का? आन् शेठ लोकांचं म्हणशील तर बाजारपेठेतली भंवरीबाई बघ, किराणावाल्यांची. वीस वरसं गोळी घेतीय. आमच्याच वयाची, अजून गल्ल्यावर बसती आन् गूळ कमी तोलला तर आपल्या नातवाला सगळ्यांदेखत झापती. का? गोळी वाटत नाय. एकटी खाती. राजस्थानातनं आलेली माणसं, नातवंडं-पतवंडं धरून वीस जणं घरात, पण गोळीच्या डबीला कुणी हात लावत नाय.

तू चाल, चालणं चांगलंच हाय. पण चालून चटणी कमी व्हती का? भाकरीवर चटणी, चटणीवर मीठ, वरनं सुकट, आन् शेवटी लोणच्याचा खार बोटानं चाटायचा. मी बघितलंय. त्या दिवशी माझ्या कालवणात वरनं मीठ घेतलंस. मी म्हटलं घेऊ नको, तर म्हणतोस मेंढरांना बी मिठाचा खडा लागतो. मेंढरू असतास तर बरं झालं असतं. मेंढराची तरी तू काळजी घेतोस.

हो, घेतोस की. ऐक. ऐक ना आता. तुझ्या मेंढरांना जंताचं औषध पाजतोस का नाय? एकाच्या वाट्याचं औषध चार मेंढरांना पाजतोस का?… का नाय पाजत?

बोल ना, का नाय पाजत?

…‘लागू पडणार नाय.’ हां. तूच म्हणालास. मी नाय म्हणाले. एकाचं चौघांत केलं तर एकालाबी लागू पडत नाय. आन् लस टोचायला डॉक्टरसायेब येत्यात तवा एक कोकरू बी झाडामागं सुटू देत नाय तू. मेंढरू बरं दिसतंय, चरतंय, म्हणून सोडतोस का?… नाय सोडत. कारण सकाळी चरणारं मेंढरू सांजंला पाय ताणून पडलेलं तू बघितलंय. मंग माणूस काय वेगळा असतो?

रेंज गेली का अक्कल आली?

…हं.

काय म्हणालास? नीट बोल.

…

मेंढरांच्या वाड्यावर एकट्यानं कसं खायाचं.

…

हं. ते खरं हाय.

नाय, ऐकतीय मी. बोल तू. चौघं चुलीभोवती बसल्यात, आन् तू एकटा चंचीतनं काढून तोंडात टाकायचं. भागू बघतोय. गोजरबाई बघतीय… कळलं मला. मी बी त्याच वाड्यावर वाढलेय राघू. एकदा बाजारातनं गुळाचा एवढासा खडा आणला व्हता, बाबांनी तो दगडानं फोडला आन् सात जणांत वाटला, आन् आठवा तुकडा कुत्र्याला घातला. मी रडत व्हते, मला मोठा पायजे व्हता म्हणून. बाबा म्हणाले, रानात एकटा खाणारा एकटाच मरतो. मला बी ते ठावं हाय.

पण बाबांनी ते भाकरीला सांगितलं. गुळाला सांगितलं. गोळीला नाय सांगितलं. तवा गोळ्याच नव्हत्या. असत्या तर बाबा बावन्नाव्या वरसी बसल्या जागी गेले नसते. झोपेत गेले, सुखानं गेले, असं आपण म्हणत आलो. दवाखान्यातल्या बाई मला इचारत व्हत्या, घरात आधी कुणाला व्हतं का. मी सांगितलं, तर म्हणाल्या हे रक्तातनं येतंय आजी, भावंडांचं बी तपासून घ्या. म्हणून तर तुला हाताला धरून नेलं. नायतर तू कुठला येतोय.

आता तू काय कर. उद्या सकाळच्या एसटीनं जुन्नरला ये. तू, निर्मला, भागू, गोजरबाई. चौघं. मी बी हितनं येते जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात. चौघांचं मोजून घेऊ. ज्याचं वाढलंय त्याला त्याची गोळी, त्याच्या नावाची. मी पिशव्या शिवून देते. मंग बसा की पंगतीला, सकाळी सगळी मिळून, एका तांब्यातलं पाणी पिऊन. पण ज्याची त्यानं.

…काय?

उद्या पहाटं घाट उतरायचा हाय.

उद्याच?

कुणाला शब्द दिलाय? खालच्या शेतकऱ्याला. मेंढरं बसवायची हायत त्याच्या रानात, खतासाठी… आन् शिमग्यानंतर वर आलास की मोजणार. चार महिन्यांनी. खाली कुठल्या गावात, कुठल्या रानात असशील त्याचा ठावठिकाणा नाय, आन् तुझ्या चंचीत एक गोळी.

राघू, असंच ऐकलंय मी आधी. ह्याच ओट्यावर ऐकलंय. तुझ्या दाजींनी बी शब्द दिला व्हता. शिनोलीला जागर व्हता, सात वरसं झाली. त्याच्या महिनाभर आधी मोजलं तर आकडा बरोबर आला. मला म्हणाले, बघ, बरं झालं, आता कशाला गोळ्या? मला बी तवा वाटलं, बरोबर हाय. गोळ्या बंद केल्या. आकडा बरोबर व्हता तो गोळीनं बरोबर व्हता, हे आमाला कुणी सांगितलं असंल बी, पण आमच्या कानावर नाय पडलं. दोघंबी अडाणी.

शिनोलीला ओव्या म्हणायला उभे राहिले. तू व्हतास की तिथं, तुला ठावं हाय. हातातनं काठी पडली. उचलली, तर परत पडली. मंग शब्द तोंडात गोळा व्हायला लागले. आन् आपण काय केलं? सांग ना, काय केलं?… कांदा हुंगवला. अंगाला तेल चोळलं. वारं गेलं अंगावरनं म्हणून अंगारा लावला. मीच लावला, माझ्या ह्या हातानं. उजाडल्यावर गाडी बघितली. डॉक्टर म्हणाले, काठी पडली तवाच आणायला पायजे व्हतं. काठी पडली तवाच. तोंड वाकडं झालं, हातातलं पडलं, बोबडं बोलणं आलं, की पळत आणायचं, एकशेआठला फोन लावायचा. मी ते आता झोपेत बी म्हणून दाखवते. तवा म्हणता आलं नाय.

नाय, मी रडत नाय. चिडलेय मी. तुला अजून कळत नाय का मी चिडलेय ते.

‘मला नाय व्हणार.’ असं म्हणालास?

थांब. मी फोन त्यांच्याकडं देते. नाय, देते. तू त्यांच्याशीच बोल. तुझ्याच शब्दात सांग त्यांना, मला नाय व्हणार म्हणून.

…अवं, राघू हाय. राघू. घ्या. कानाला धरते मी. बोला.

…

बोला की. तो ऐकतोय.

…

हां. आणीक.

…

बास. दमले ते.

हॅलो. राघू. ऐकलंस?

…

हाच आवाज व्हता. या टेकडीवरनं त्या टेकडीला जायचा, ढोल वाजायच्या आधी. तू लहान असताना त्यांच्या मागं झील धरायला उभा राहायचास, आन् तुझा आवाज पोचायचा नाय म्हणून चिडायचास.

काय म्हणाले?… मला काय ठावं. पाणी पायजे असलं तरी हेच म्हणत्यात, ऊन लागलं तरी हेच. सात वरसं मी अंदाज करतीय. तुला ‘राघू’ म्हणाले असतील, नायतर ‘गाढवा’ म्हणाले असतील. मला इचारशील तर दुसरं.

…

नाक ओढू नको. रक्त येईल परत.

शेतकऱ्याला फोन लाव. सांग, मेंढरं एक दिवस उशिरा येतील. मेंढरांना काय, घाटघरात अजून गवत हाय, एक दिवस चरतील. शेत कुठं पळून जात नाय… त्याला राग आला तर त्याचा नंबर मला दे. मी बोलते त्याच्याशी. त्याचं बी मोजून घे म्हणते.

वाड्यावर कोण थांबणार?… बहिरूला सांग की. गावातला बहिरू, त्यानं मागच्या साली बी एक दिवस राखली व्हती ना? मंग. सांज व्हईपर्यंत तर परत पोचाल तुमी.

येतोस का?

हो म्हण, नायतर नाय म्हण. ‘बघतो’ म्हणू नको. दाजी बी ‘बघतो’ म्हणायचे.

…

चौघं?

बरं.

मंग ऐक. मोजायच्या आधी तंबाखू खायाची नाय, चहा प्यायचा नाय. एसटीतनं उतरल्यावर पळत यायचं नाय. घटकाभर बाकड्यावर शांत बसायचं, मंग हात पुढं करायचा. आन् तिथल्या बाईंना सांगायचं, आमी चार महिने फिरतीवर असतो. त्या म्हणाल्या व्हत्या मला, माणूस समोर आणा, मोजते, मंग जास्तीच्या देते. माणूस समोर आणा म्हणाल्या, घोडी नाय.

हां, आता हसलास तर चालंल.

आन् एक. ती एक गोळी काढ. पिशवीतली. तिसावी.

काढलीस? कुठं हाय, हातात? मोडलीस का?… मोडू नको. आजची तू अजून खाल्ली नाय ना? मंग आत्ता खा. अख्खी.

नाय, रात्री नाय. आत्ता. मी फोनवर असताना.

भागू बघतोय? बघू दे. निर्मलाला म्हणावं पाणी आण… असंल तिच्याकडं बाटली. हां. टाकीवर उभा हायस आन् पाणी नाय म्हणतोस.

आता त्यांच्यादेखत खा. पाठ फिरवू नको. चोरून खाल्लीस तर उद्या परत लाज वाटंल. तोंडासमोर खा.

…

खातोस ना?

…

लाज वाटती, ठावं हाय मला. मंग डोळे मीट, पण खा. आन् पाप लागलं तर माझ्या नावावर. मी लिहून ठेवते, हितं कॅलेंडरवर, आजच्या तारखेखाली. ‘राघूनं एकट्यानं खाल्ली. तुकाबाईनं सांगितलं म्हणून.’ देव वाचंल की. माझं अक्षर वाकडं हाय, पण त्याला येईल वाचता.

…

गिळलीस? वरनं पाणी पी अजून.

…भागू काय म्हणाला?

‘खा बाबा’ म्हणाला. बघ. कपाळ फुटलेला माणूस म्हणतोय.

बरं. आता सावकाश उतर. कठडा सोडू नको. सकाळी मी जुन्नरच्या स्टँडवर उभी राहते, पिशवी घेऊन.

हो. सांगते त्यांना. ठेव आता.

…अवं, येतोय तो. उद्या. चौघं येणार हायत.